आठ हेडांचे मशीन आणि तीन फळ्यांवरचा नमुना

स्वयंचलित स्क्रीन प्रिंटिंग मशीन विकत घेताना माझी जी फसवणूक झाली, तिच्यात उघड खोटे फार थोडे बोलले गेले, आणि म्हणूनच ती सविस्तर लिहावी असे मला वाटते. विक्रेत्याने माझ्या डोळ्यांदेखत मशीन चालवले, त्यातून निघालेला टी-शर्ट माझ्या हातात दिला, आणि त्या टी-शर्टाला नाव ठेवावे असे खरोखरच काही नव्हते. जे दाखवले ते खरे होते. जे दाखवायचे टाळले, ते पाहायला मागण्याइतकी समज मला तेव्हा नव्हती. सरळसरळ लबाडी म्हणाव्यात अशा गोष्टीही नंतर उघडकीला आल्या, पण तोवर पैसे देऊन झाले होते.

आमचे दुकान लहान आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ हाताने फिरवायच्या चार फळ्यांच्या (म्हणजे कपडा चढवायच्या चार सपाट पाट्यांच्या) मशीनवर छपाई करत होतो. दोन-तीन रंगांचे काम असले की तासाला ४०-५० नग निघत आणि संध्याकाळपर्यंत भावाचे मनगट सुजलेले असे. मोठी ऑर्डर आली की ती परत पाठवावी लागे. अशा वेळी आठ हेडांचे (हेड म्हणजे एका जाळीतून एक रंग छापायची जागा) आणि दहा फळ्यांचे, वापरलेले पण ‘पूर्ण दुरुस्त केलेले’ मशीन विकायला आहे असे कळले, आणि आम्ही दोघे ते पाहायला गेलो.

तिथे आमच्यासमोर पांढऱ्या कपड्यावर एकाच रंगाचे चित्र छापण्यात आले. दहा फळ्यांपैकी फक्त तीन फळ्यांवर कापड चढवले जात होते, आणि त्याचे कारण विचारल्यावर बाकीच्या फळ्यांवर गोंद लावलेला नाही, असे उत्तर मिळाले. कापड जागेवरून हलू नये म्हणून फळीवर गोंद लावावाच लागतो, त्यामुळे हे उत्तर आम्हाला अगदी स्वाभाविक वाटले. सात फळ्यांवर गोंद लावायला किती वेळ लागतो, हा प्रश्न आमच्या डोक्यात आला नाही. तो वेळ फार तर दहा मिनिटांचा असतो, हे आज मी सांगू शकतो, आणि ती दहा मिनिटे विक्रेत्याला का नको होती तेही.

या मशीनचे तंत्र एकदम नवे आहे, असेही आम्हाला ऐकवण्यात आले. फिरत्या चाकाच्या आऱ्यांवर फळ्या बसवायच्या आणि कपडा एकेका रंगाखाली न्यायचा, ही रचना मायकेल व्हॅसिलँटोन यांना १९६९ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटाइतकी तरी जुनी आहे. फरक पडतो तो चाक कशाने फिरते आणि कशाने थांबते यात. हवेच्या दाबावर चालणारे जुने चाक झटक्याने थांबते, तर सर्व्हो मोटरवरचे, म्हणजे वेग नेमका राखणाऱ्या विजेच्या मोटरवरचे चाक थांबण्याआधी वेग हळूहळू कमी करते. आमच्यासमोरचे चाक थांबताना दर वेळी ‘ठक्’ असा आवाज करत होते. तो आवाज आम्ही दोघांनीही ऐकला, आणि मला तर तो मशीनच्या दणकटपणाचा वाटला!

आता आठ हेडांचा हिशेब मांडतो, कारण नव्या माणसाला सर्वांत आधी याच आकड्याने भुरळ पडते. दहा जागांपैकी एका जागी कपडा चढवायचा आणि एका जागी उतरवायचा, म्हणजे छपाईला आठ जागा उरतात, इथवर विक्रेत्याचे बोलणे बरोबर होते. परंतु आमची निम्म्याहून जास्त कामे काळ्या आणि गडद निळ्या टी-शर्टांवरची असतात. गडद कपड्यावर आधी पांढरा थर द्यावा लागतो, तो फ्लॅश दिव्याखाली अर्धवट सुकवावा लागतो, आणि फळी तापलेली असताना पुढची शाई जाळीतच सुकू नये म्हणून एक जागा थंड होण्यासाठी मोकळी सोडावी लागते. पांढरा थर, फ्लॅश आणि मोकळी जागा मिळून तीन हेड गेले. चित्रात उठावदार पांढरा हवा असेल, तर शेवटी आणखी एक जातो. आठ रंगांचे म्हणून घेतलेले मशीन गडद कपड्यावर चार रंगांचे ठरते. हा काही कोणाचा अपराध नाही, यंत्राची रीतच तशी आहे. मात्र आमची बहुतेक कामे काळ्या कपड्यावरची असतात हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगितले होते, आणि त्यावर विक्रेत्याने फक्त मान डोलावली होती.

वेगाच्या बाबतीतही असेच घडले. तासाला ९०० नग हा आकडा त्याने सांगितला, आणि कपडा व शाई नसताना मशीन नुसतेच फिरवले तर तो खराही असेल. पण चाकाचा वेग सर्वांत संथ जागा ठरवते. फ्लॅशखाली ६ सेकंद आणि एका जागेवरून दुसरीकडे जायला २ सेकंद धरले तर एका नगाला ८ सेकंद लागतात, म्हणजे तासाला ४५०, आणि तेही एकही फळी रिकामी न जाता. याहून मोठा घोळ पुढे होता. छापलेला कपडा भट्टीतून जातो. प्लास्टिसॉल या प्लास्टिकयुक्त शाईचा पूर्ण थर साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला तरच ती पक्की होते, नाहीतर काही धुण्यांत तडकते. आमच्या भट्टीचे तापणारे दालन दीड मीटर लांब होते आणि त्यात कपडा सुमारे एक मिनिट राहावा लागे, म्हणजे पट्टा मिनिटाला दीड मीटरच पुढे सरकणार. एक टी-शर्ट पाऊण मीटर जागा घेतो आणि पट्ट्यावर एकच ओळ मावते, त्यामुळे मिनिटाला दोन आणि तासाला १२० नग. मशीन कितीही धावले तरी दुकानातून तासाला १२० च्या वर नग बाहेर पडणार नव्हते. हा गुणाकार कागदाच्या चिठोऱ्यावर करता आला असता. मी तो मशीन घरी आल्यावर केला.

आमच्या जुन्या फ्रेमही (जाळी ताणून बसवलेल्या चौकटी) फुकट गेल्या, कारण हाताच्या मशीनच्या ५१ बाय ६१ सेंटिमीटरच्या फ्रेम ५८ बाय ७९ सेंटिमीटरच्या हेडमध्ये बसत नाहीत, आणि मोठ्या फ्रेमवर चित्र उतरवायला आमचे एक्स्पोजर युनिट पुरेना.

मशीन आल्यावर चौथ्या दिवशी पहिले चार रंगी काम लावले, आणि रंग जुळेनात. कधी निळ्याच्या कडेने पांढरी रेघ दिसे, तर कधी काळी बाह्यरेषा चित्राच्या आत शिरे. भावाने फ्रेम सैल करून पुन्हा बसवली, जाळीचा ताण पाहिला, स्क्वीजीचा, म्हणजे शाई जाळीतून ढकलणाऱ्या रबरी पट्टीचा, दाब कमी केला, तरी फरक पडेना. शेवटी चित्र बाजूला ठेवून आम्ही नुसती फुलीची खूण घेतली. पहिल्या हेडमधून एक फुली आणि पाचव्यातून नेमकी तिच्यावर दुसरी, अशी ती दहाही फळ्यांवर दोन-दोन वेळा छापली आणि प्रत्येक कपड्यावर फळीचा क्रमांक लिहिला. वीस कपडे जमिनीवर ओळीने मांडले, तेव्हा विक्रेत्याचा गोंद तीनच फळ्यांवर का होता ते स्पष्ट दिसले. पहिल्या, दुसऱ्या आणि आठव्या फळीवर फुल्या तंतोतंत बसत होत्या. चौथ्या आणि नवव्या फळीवर त्या दर वेळी एकाच दिशेला जवळजवळ एक मिलिमीटर सरकत होत्या, आणि उरलेल्या फळ्यांवर कधी बसत होत्या, कधी नाही.

या दोन दोषांतला फरक पुढे एका अनुभवी कारागिराने समजावला. एकच फळी दर वेळी सारखीच चुकत असेल तर तिचा दांडा वाकलेला असतो किंवा ती समपातळीत नसते. जाळी आणि कपडा यांच्यातले अंतर मुळात दीड ते तीन मिलिमीटरच असते, त्यामुळे फळी एक मिलिमीटर खाली गेली तरी छपाई बिघडते. असा दोष दुरुस्त होऊ शकतो. चूक मात्र मनाला येईल तशी जागा बदलत असेल, तर चाक अचूक जागी धरून ठेवणारी खीळ आणि तिची बेअरिंग झिजलेली असतात, आणि ते काम मोठे असते. आमच्या मशीनमध्ये दोन्ही दोष होते. तो ‘ठक्’ आवाज कसला होता, तेही मला त्याच दिवशी समजले.

त्याच कारागिराने मशीनच्या बाजूची माहितीपट्टी पाहून, ही इथली नव्हे, असे शांतपणे सांगितले. पट्टी चार नव्या कोऱ्या रिव्हेटांनी बसवलेली होती, आणि तिच्या कडेच्या रंगाखाली जुन्या चार भोकांचे बुजवलेले ठसे बोटाला लागत होते. पट्टीवरचे वर्ष एक होते, तर आतल्या हवेच्या सिलिंडरांवरच्या चिकटपट्ट्यांवरचे वर्ष त्याच्या ११ वर्षे आधीचे. किती नग छापले ते दाखवणारा आकडाही शून्यापासून नव्याने सुरू केलेला निघाला. कॉम्प्रेसर याच विक्रेत्याने दिला होता, पण हवा कोरडी करणारे यंत्र ‘चैनीची वस्तू’ म्हणून दिले नव्हते. दाबलेल्या हवेतले पाणी नळ्यांत साचले आणि महिन्याभरात दोन व्हॉल्व्ह गंजून अडकले.

खरा धक्का ४१ व्या दिवशी बसला. सकाळी मशीन चालू केले तर पडद्यावर फक्त सहा आकडी परवलीचा संकेत मागणारी चौकट दिसत होती, आणि काहीही दाबले तरी ती हटेना. हप्त्यांवर दिलेल्या मशीनमध्ये काही विक्रेते असे मुदतीचे कुलूप घालतात, हे मला नंतर कळले. आम्ही तर सगळी रक्कम मशीन ट्रकवर चढण्याआधीच मोजली होती, कारण ‘दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे’. फोन केल्यावर देखभालीचा वार्षिक करार करा म्हणजे संकेत मिळेल, असे उत्तर आले. तोंडी दिलेल्या दोन वर्षांच्या हमीची आठवण करून दिली, तेव्हा, तसे कुठे लिहिले आहे ते दाखवा, असे तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याने आमचा फोन उचलला नाही.

लिहिलेले खरोखरच काही नव्हते. तक्रार करायची म्हणून बिल काढले, तर त्यावर ‘छपाई यंत्र, वापरलेले, आहे त्या स्थितीत, १ नग’ एवढाच मजकूर होता. ना मशीनचा अनुक्रमांक, ना उत्पादनाचे वर्ष, ना हेडांची संख्या. पट्टी बदललेली आहे हे आम्ही सिद्ध करू शकत होतो. पण आम्हाला विकलेले मशीन हेच, हे सिद्ध करणारा एकही कागद आमच्याजवळ नव्हता, आणि तक्रार तिथेच अडली. मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बदलून ते पुन्हा सुरू करण्याचा खर्च मशीनच्या किमतीच्या इतका जवळ गेला, की आम्ही त्याचे सुटे भाग विकून टाकले.

दुसऱ्यांदा मशीन पाहायला निघालो, तेव्हा आमच्याच दोन फ्रेम, आमचेच ४० काळे टी-शर्ट आणि ती फुलीची फिल्म बरोबर घेतली. पहिल्या ठिकाणी, इतका वेळ मशीन अडकवता येणार नाही, असे सांगण्यात आले आणि आम्ही परत फिरलो. दुसऱ्या ठिकाणच्या विक्रेत्याने आमचे सामान पाहून, आधी अर्धा तास फ्लॅश लावून मशीन तापू द्या, थंड फळ्यांवर सगळेच जुळते, असे स्वतःहून सुचवले. मग आठही फळ्यांवर फुल्या छापल्या. सहावी फळी थोडी चुकत होती. त्याने डायल गेज, म्हणजे उंचीतला बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापक आणले, आम्हाला काटा दाखवला, बोल्ट सैल करून फळी समपातळीत घेतली आणि पुन्हा छापून दिले. अनुक्रमांक, वर्ष, नियंत्रकाचा परवलीचा संकेत आणि त्यात मुदतीचे कुलूप नसल्याची ओळ, हे सारे बिलावर लिहायला त्याने जेमतेम पाच मिनिटे घेतली. मशीन सहाच हेडांचे आहे. काळ्या कपड्यावर खालचा पांढरा सोडून त्यातून तीन रंग निघतील, आणि तुमच्या दीड मीटरच्या भट्टीला यापेक्षा मोठे मशीन घेऊन काय करणार, हे त्यानेच आम्हाला विचारले.