वेस्टसेल ३२ : दोन उन्हाळे वापरल्यानंतर

आमची वेस्टसेल ३२ ही शिडाची बोट १९७६ सालची आहे. मी ती ओकलंडजवळच्या अलमीडा बेटावर, मार्चमधल्या एका पावसाळी शनिवारी पहिल्यांदा पाहिली. तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक झालं असतं. आता दोन उन्हाळे झालेत, हातांना रेझिनचा वास लागलाय, तेव्हा लिहिते.

आधी माझी निवड. मी मालवणची. मामा होड्या बांधणारा सुतार. त्यामुळे मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहैली’चं नाव घरात लहानपणापासून ऐकलेलं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता, एकटा पृथ्वीला फेरी मारून परतला. सुहैलीचा आराखडा म्हणजे विल्यम ॲटकिनची १९२० च्या दशकातली ३२ फुटी ‘एरिक’, आणि तिचं मूळ नॉर्वेतल्या कॉलिन आर्चरच्या बचावबोटींत. वेस्टसेल ३२ त्याच घराण्यातली, फक्त फायबरग्लासची, सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला तयार झालेली. हे कळल्यावर दुसरी बोट मनात बसेना.

ही बोट दोन्ही टोकांना निमुळती आहे, मागची बाजूही नाळेसारखीच, म्हणजे पुढच्या टोकासारखी. सुकाणू बाहेर टांगलेलं, आपल्याकडच्या होड्यांना असतं तसं. अंग ३२ फूट लांब, ११ फूट रुंद, आणि वजन सुमारे ९ टन. या लांबीच्या बऱ्याच आधुनिक बोटी याच्या निम्म्या वजनाच्या असतात. तळाचा कणा पुढून मागेपर्यंत सलग आहे आणि बोटीला सरळ धरणारं वजन त्याच्या आतच कोंडलेलं, म्हणजे गंजून धोका देणारे कीलचे (कण्याचे) बोल्ट मुळात नाहीतच. डोलकाठीच्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधतात त्या बोटीच्या अंगाला बाहेरून लावलेल्या आहेत. जुनी बोट घेणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय, कारण इतर अनेक बोटींत त्याच पट्ट्या कपाटांच्या मागे लपलेल्या असतात आणि त्यांची झीज कळते ती काठी कोसळल्यावर.

मजबुतीबद्दल एकच सांगते. ऑक्टोबर १९९१ च्या अटलांटिकमधल्या भीषण वादळात ‘सटोरी’ नावाच्या वेस्टसेल ३२ वरून तटरक्षक दलाने तिघांना उचललं. रिकामी बोट पुढे मेरीलँडच्या ॲसाटीग किनाऱ्यावर वाळूत सापडली आणि परत पाण्यात उतरवता आली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. यातल्या कित्येक बोटी कारखान्यातून अर्धवट विकल्या गेल्या: नुसतं अंग आणि डेक घ्या, आतलं सुतारकाम, वायरी, नळ, सगळं तुम्ही करा. म्हणून ‘वेस्टसेल ३२ कशी आहे?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. तुम्ही पहिल्या मालकाचा हात विकत घेत असता.

मी दोन बोटी पाहिल्या. पहिली दक्षिणेत, लॉस एंजलिसकडे. लाकडाला सहा हात व्हार्निश, नव्या गाद्या, पितळी कंदील. दलाल म्हणाला, “मॅडम, पाणी भरा आणि निघा.” फ्लोअरबोर्ड उचलला तर खाली घराच्या भिंतीत घालतात तसली एकाच जाड तांब्याच्या तारेची वायर. बोटीच्या हादऱ्यांनी ती आतून तुटते. बोटीला बारीक तारांची, कल्हई केलेली वायर लागते. कागद कुठलाच नव्हता. दुसरी म्हणजे आमची. गाद्यांना बुरशी, रंग उडालेला, पण मालकाने एक जाड हिरवी फाईल पुढे ठेवली. त्यात पहिल्या मालकाने हाताने काढलेला प्रत्येक वायरीचा नकाशा, प्रत्येक नळाची तारीख, १९७६ पासूनच्या पावत्या. मी रात्रपाळीची नर्स आहे. नीट लिहिलेला चार्ट हातात आला की पेशंटबद्दल जी खात्री वाटते ती मला त्या फाईलने दिली.

तरी सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, लावलाच, आणि दलालाने सुचवलेला नव्हे, मी शोधलेला. त्याचे ९०० डॉलर आणि क्रेनने बोट बाहेर काढायचा खर्च वेगळा. तो प्लॅस्टिकची हातोडी घेऊन डेकभर ठोकत फिरला. बाजारात नारळ वाजवून घेतात ना, तसंच. घट्ट जागी टणक आवाज, डेकवरच्या पुढच्या झाकणाभोवती (हॅचभोवती) मात्र भदभद. तिथे फायबरग्लासच्या थरांमधलं प्लायवूड भिजलं होतं. मग मागच्या टोकाला बाहेर काढलेली लाकडी चौकट, बूमकिन. मागची तार हिलाच बांधलेली, म्हणजे ही गेली तर काठी गेली. मी तिथूनच मामाला फोन लावला. मालवणात रात्र झालेली. “रंगाकडे बघू नको गो,” मामा म्हणाला, “बोल्टाच्या बाजूक सुरी टोचून बघ. आत गेली तर लाकूड गेला समज.” सुरी अर्धा इंच आत गेली.

मागितले होते ३९,००० डॉलर, अहवाल पुढे ठेवल्यावर ३१,००० ला ठरलं. नवी बूमकिन, सगळ्या तारा नव्या (विमा कंपनीने त्यांचं वय विचारलंच) आणि डेकची दुरुस्ती यांत पुढचे १४,००० गेले. घेणाऱ्याने ही रक्कम बाजूला काढूनच सौद्याला बसावं. आणि बोट तटरक्षक दलाकडे नोंदलेली असेल तर तिचा मालकीचा उतारा मागवा. जुनं कर्ज बोटीवर असेल तर ते तिथे दिसतं.

चालवायला कशी? जूनमध्ये दुपारी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटमधून २५ नॉट (ताशी सुमारे ४६ किलोमीटर) वारा आत घुसतो, शेजारच्या हलक्या बोटी आडव्या होतात, आणि ही खांदा टेकून शांतपणे चालत राहते. बाहेर खुल्या समुद्रातल्या फॅरलोन बेटांकडे गेलो तेव्हा लाटा मोठ्या होत्या आणि मी खाली चहा केला, कप हातात धरून प्यायला. त्या दिवशी मला ही बोट खरी कळली. सप्टेंबरच्या सकाळी सहा नॉट वाऱ्यात मात्र ती जागची हलत नाही, इंजिन लावावं लागतं. आणि मागे नेताना सुकाणूचं काही ऐकत नाही. धक्क्याला लावायला शिकण्यात आमचा पहिला महिना गेला. बंदराच्या आत दर रविवारी चक्कर मारायची असेल तर ही घेऊ नका. क्षितिजापलीकडे जायचं असेल तर या पैशांत एवढी भक्कम बोट मला दुसरी सापडली नाही.

पुढचं काम पाण्याच्या टाक्यांचं. त्यासाठी केबिनची सगळी जमीन उघडावी लागेल. फाईलमध्ये बारावं पान आहे: प्रत्येक फळीला नंबर, स्क्रू कुठे लपवलेत त्याची खूण, आणि खाली पेन्सिलीने लिहिलंय, ‘गोंद लावलेला नाही, कधीतरी उघडावं लागेल.’ काल पहिली फळी काढली. चारही स्क्रू सरळ निघाले.