यीस्टचा ‘नैसर्गिक’ कोर्स, पावसाळ्यापासून होळीपर्यंत: काय ठेवलं, काय टाकलं

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. योनीमार्गाच्या यीस्ट (बुरशी) संसर्गावर म्हणून विकल्या जाणाऱ्या या कोर्सच्या डब्यात तीन बाटल्या आणि आहाराचा एक तक्ता येतो. बाटल्या तिन्ही बंद केल्या. तक्ता अर्धा ठेवलाय, तोही साखरेसाठी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असेच घटक आणि असेच दावे असलेले डबे बऱ्याच नावांनी विकले जातात.

माझी पार्श्वभूमी: पन्नाशीच्या अलीकडे, टाइप-२ मधुमेह, डोंबिवलीहून मुंबईला रोज लोकलने नोकरी. दाताच्या दुखण्यावर घेतलेल्या अँटिबायोटिकनंतर हा त्रास पहिल्यांदा झाला. खाज, लघवीच्या वेळी आग, अंगावरून दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जाणं. फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची १५० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली की जायचं आणि पुन्हा यायचं. पावसाळ्यात तर हमखास, वर छातीखाली आणि जांघेत लाल चट्टे. वर्षात तीन किंवा अधिक वेळा झालं तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग धरतात. मी त्यात सहज बसत होते. चारांपैकी साधारण तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतं, तरी बोलताना आपला आवाज खाली येतो आणि केमिस्टच्या काउंटरवर ओळखीचा मुलगा दिसला की आपण पुढच्या दुकानाकडे वळतो. हे डबे खपतात ते याच लाजेवर. साध्या खोक्यात, घरपोच, कुणाला काही विचारायला नको.

डब्याबरोबर घरी करायची एक ‘चाचणी’ असते. सकाळी उठल्याउठल्या पाण्याच्या ग्लासात थुंकायचं, थुंकीचे धागे खाली उतरले तर शरीरात यीस्ट माजलंय असं समजायचं. माझे उतरले. मग नवऱ्याला आणि मुलाला थुंकायला लावलं. त्यांचेही उतरले, मुलाचे तर जास्तच झोकात. थुंकीत म्युसिन नावाचा चिकट पदार्थ असतो, तोंड रात्रभर कोरडं पडलं की ती घट्ट होते आणि तिचे असे धागे सुटतात. बुरशी त्यातून कळत नाही. शिवाय ज्या कॅन्डिडा अल्बिकन्स नावाच्या बुरशीमुळे हा त्रास बहुतेक वेळा होतो, ती धडधाकट माणसाच्याही तोंडात, आतड्यात, योनीमार्गात मुक्कामाला असू शकते. तिला शरीरातून ‘धुऊन काढायची’ भाषा सोडा. तिला मोकळं रान कशामुळे मिळतंय ते शोधावं लागतं.

आता तक्त्याकडे येते, कारण त्यात खरा मजकूर आहे. साखर, गूळ, मैदा, पाव, बिस्किटं, फळांचे रस बंद. इथवर ठीक. पुढे इडली, डोसा, ढोकळा, ताक हेही बंद, कारण ‘आंबवलेलं म्हणजे यीस्ट’. आणि त्याऐवजी काय, तर अ‍ॅव्होकाडो, किन्वा, बदामाचं पीठ. हा कागद कुठल्या तरी परदेशी मूळ प्रतीवरून उतरवलाय हे लगेच कळतं. श्रावणातल्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालेल का, याचं उत्तर त्यात नाही. (मधुमेह्याला नाहीच चालत, तो नुसता स्टार्च.) पावातलं यीस्ट वेगळ्या जातीचं असतं आणि भट्टीत मरतं. इडलीचं पीठ फुगवण्याचं काम मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू करतात. त्यांचा माझ्या खाजेशी संबंध नव्हता, म्हणून इडली आणि ताक मी परत आणलं, फक्त ताटात इडल्या मोजून. साखरेचा चहा मात्र गेला तो गेलाच. गणपतीत उकडीचा एक मोदक खाल्ला, त्याबद्दल कुणाचीही माफी मागणार नाही.

तक्त्यातली सर्वांत घातक ओळ पहिल्याच पानावर आहे. सुरुवातीला डोकं दुखेल, घाम येईल, थरथर होईल, गळून जाल. याचा अर्थ यीस्ट मरतंय आणि विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, घाबरू नका, कोर्स चालू ठेवा. मला हे सगळं झालं. दुपारी ऑफिसात हात कापायला लागले म्हणून बॅगेतलं ग्लुकोमीटर काढलं, आकडा आला ६२. मी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत होते. ती गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, जेवलात की नाही हे तिला कळत नाही. खाणं निम्म्यावर आणून तोच डोस घेतला तर साखर खाली जाणारच. फिजिशियननी डोस त्याच आठवड्यात कमी केला. ज्यांना मधुमेह नाही त्यांचं डोकं साखरेचा चहा तोडल्यामुळेही दुखत असेल, ते चार दिवसांत थांबतं. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असलेल्या कुणी ही ओळ खरी मानून थांबून राहिलं तर एखाद्या दिवशी स्टेशनवर कोसळेल. डब्यावर याबद्दल एक अक्षर नाही.

पुढचा धागा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सापडला. डब्याच्या वेबसाइटवर लांबलचक प्रश्नावली भरून घेतात. दातात चांदी भरली आहे का, घराला ओल येते का, चिडचिड होते का, नावं विसरता का. गोळ्या कोणत्या घेता, हे विचारत नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि यादीत डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीवर बोट ठेवलं. हे औषध रक्तातली जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. साखर तिथून जाते म्हणजे बुरशीला आयती पंगत, त्यामुळे जननेंद्रियाचा यीस्ट संसर्ग हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, बायकांत आणि पुरुषांतही. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर आपल्याकडे ही गोळी पुष्कळ स्वस्त झाली आणि आता घरोघरी दिसते. औषध वाईट नाही, हृदयाला आणि किडनीला त्याचा मोठा फायदा आहे, म्हणून हे वाचून परस्पर बंद करू नका. माझ्या बाबतीत हृदय, किडनी ठीक होती आणि संसर्ग थांबत नव्हता, म्हणून दोन्ही डॉक्टरांनी बोलून ते बदललं.

एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ९.१ वरून होळीपर्यंत ७.२ वर आला. खाज येण्यातलं अंतर वाढत गेलं. यात आहाराचा वाटा किती, गोळी बदलल्याचा किती आणि नंतर सुरू झालेल्या औषधाचा किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. डब्यावरचे पाच तारे देणारे लोक हे कसं वेगळं करतात, कोण जाणे. एवढं मात्र म्हणेन की ज्यांची साखर मुळात नॉर्मल आहे, त्यांनी फळंसुद्धा सोडून स्वतःचे हाल करण्याला फारसा आधार नाही.

बाटल्यांबद्दल थोडक्यात. पहिलीत कॅप्रिलिक अ‍ॅसिड, ओरेगॅनोचं तेल आणि लसणाचा अर्क. कॅप्रिलिक अ‍ॅसिड खोबरेल तेलात असतं आणि प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्डिडाला मारतं, हे खरं. पण गिळल्यावर ते लहान आतड्यातच शोषलं जातं, पुढे जिथे खाज आहे तिथे पोचणार कसं? मला मिळाली ती छातीत जळजळ आणि लोकलच्या गर्दीत लसणाचे ढेकर. दुसरी प्रोबायोटिक. नुकसान काही नाही, फायदा दिसला नाही. अँटिबायोटिकनंतर होणारा हाच त्रास लॅक्टोबॅसिलस या प्रोबायोटिकमधल्या उपयोगी जिवाणूंनी टळतो का, हे ऑस्ट्रेलियात तपासून २००४ मध्ये निकाल छापला होता. टळत नाही असा. तिसरा टी ट्री तेलाचा वॉश, तो दुसऱ्याच दिवशी बंद केला, आग आग झाली. योनीमार्गात मुळात आम्लता असते, पीएच साधारण ३.८ ते ४.५, आणि ती तिथलेच लॅक्टोबॅसिलस राखतात. आतून धुणं म्हणजे त्यांनाच हाकलणं. बाहेरून साधं पाणी पुरतं.

घरच्या सल्ल्यांचंही तेच. जाऊबाईंनी लसणाची पाकळी सुचवली, मावशींनी तुरटीचं पाणी. दोघींना प्रेमाने नाही म्हटलं. नाजूक त्वचेवर लसणाने भाजतं. आणि एक गंभीर गोष्ट: बोरिक अ‍ॅसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल काही हट्टी प्रकारांत डॉक्टर योनीमार्गात ठेवायला देतात, म्हणून कुणी कॅरमची बोरिक पावडर वापरायला जाऊ नये. पोटात गेली तर ती विष आहे, आणि गरोदरपणात ही कॅप्सूलही चालत नाही.

ज्याला खरोखर नैसर्गिक म्हणावं असं जे उपयोगी पडलं, ते विकतच मिळत नाही. आपल्या घरांत बायकांचे आतले कपडे कुठे वाळतात? वलणीवर परकराच्या आत, टॉवेलाच्या खाली, कुणाला दिसू नयेत अशा बेताने. जुलैत ते तिसऱ्या दिवशीही दमट असतात आणि आपण तसेच चढवतो. वर सिंथेटिक लेगिंग, रोजचा पँटी लायनर आणि तास-सव्वा तास घामाची लोकल. मी वलणीवरची पुढची दोरी माझ्या कपड्यांना घेतली, सासूबाईंच्या भुवया वर गेल्या त्या आठवडाभरात खाली आल्या. पावसाळ्यात सुती चड्ड्यांवर इस्त्री फिरवते. ऑफिसात पोचल्यावर कपडे बदलते. आंघोळीनंतर छातीखालची आणि जांघेची घडी पूर्ण कोरडी करते, तिथे खोबरेल लावत नाही, कारण मला तरी तेलाने ओल आणखी धरते असं दिसलं. चट्टे निम्म्याहून कमी झाले ते यामुळे, कारण तेव्हा दुसरं काहीच बदललं नव्हतं.

चट्ट्यांबाबत एक पाहून ठेवा. लाल ओला पट्टा आणि कडेबाहेर विखुरलेल्या बारीक पुळ्या असतील तर बहुधा यीस्ट. कडा उठलेली, मध्ये मोकळी होत जाणारी गोल चकती असेल तर बहुधा गजकर्ण, ती वेगळी बुरशी. दोन्हींवर केमिस्ट जी ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब देतो तिच्यात बऱ्याचदा क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरते.

शेवटी आराम पडला तो तपासणीने. स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्रावाची स्लाइड पाहिली आणि कल्चर (बुरशी वाढवून तिची जात ओळखायची तपासणी) पाठवलं. पांढरं जाणं म्हणजे प्रत्येक वेळी यीस्ट नसतं. मासळीसारखा वास असेल तर जिवाणूंचा त्रास असू शकतो, पाळी थांबल्यावरची खाज नुसत्या कोरडेपणाचीही असते. यीस्टमध्येही कॅन्डिडा ग्लाब्राटा निघाली तर फ्लुकोनाझोल अनेकदा तिला पुरत नाही. माझी अल्बिकन्सच होती. दर तीन दिवसांनी एक अशा तीन गोळ्या, मग आठवड्याला एक, सहा महिने. ही गोळी ग्लिमेपिराइडचा परिणाम वाढवते, साखर आणखी खाली जाऊ शकते, म्हणून तो कमी केलेला डोसही पूर्ण काढला. रक्त पातळ करण्याची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि दिवस गेलेले असतील तर फ्लुकोनाझोल स्वतःहून घेऊच नका.

थकवाही यीस्टमुळे, असं डब्यावर ठळक छापलंय. माझं बी-१२ कमी निघालं, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते होतं. १९९० मध्ये अमेरिकेत ४२ बायकांवर निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध विरुद्ध खोटी गोळी असा प्रयोग झाला होता: योनीमार्गाचा त्रास निस्टॅटिनने कमी झाला, पण थकवा आणि उदासपणा जितका खऱ्या औषधाने उतरला तितकाच खोट्यानेही.

डब्याचा महिन्याचा खर्च अडीच हजारांच्या आसपास येत होता. स्लाइड, कल्चर आणि एचबीएवनसी मिळून मला एका डब्याहून कमी पडले.

मैत्रिणी हमखास विचारतात म्हणून लिहिते: नवऱ्यालाही औषध द्यायचं का? त्याला खाज किंवा लाली नसेल तर सहसा नाही. माझ्या नवऱ्याला काहीच नव्हतं. पण तोही डॅपाग्लिफ्लोझिन घेतो, त्यामुळे त्याला लक्षणं सांगून ठेवली आहेत.