रॅकच्या मागच्या दारातलं पाणी: रिअर डोअर हीट एक्स्चेंजर, एका डीबीएच्या नजरेतून

डेटा सेंटर थंड ठेवणाऱ्या यंत्रांबद्दल लिहितात ती बहुधा इमारत आणि वीज सांभाळणारी मंडळी. किती किलोवॉट उष्णता खेचली, पीयूई (एकूण वीज भागिले आयटी यंत्रांची वीज) किती खाली आला, विजेचा आकडा किती उतरला, हे त्यांचे प्रश्न आणि ते योग्यच आहेत. मी डेटाबेस सांभाळते. मला आधी हे कळायला हवं असतं की क्लस्टरमधला, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटातला, सगळ्यांत तापलेला नोड (मशीन) किती तापलाय. कारण सिंक्रोनस रेप्लिकेशनच्या, म्हणजे प्रत्येक बदल सगळ्या नोडवर पोहोचल्यावरच पक्का होणाऱ्या, क्लस्टरमध्ये सगळ्यांचा वेग तोच ठरवतो. आमच्या रांगेत रिअर डोअर हीट एक्स्चेंजर बसवल्याला आता बरेच महिने झालेत, उन्हाळाही त्यात येऊन गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वस्तू काय आहे ते. रॅकचं मागचं जाळीचं दार काढायचं आणि त्याच्या जागी तांब्याच्या नळ्या व अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची कॉइल असलेलं जाड दार लावायचं. नळ्यांमधून गार पाणी फिरतं. सर्व्हरच्या पंख्यांनी मागे फेकलेली गरम हवा या कॉइलमधून जाते आणि खोलीत येते तेव्हा जवळपास खोलीइतकीच गार झालेली असते. आमचं दार पॅसिव्ह आहे, म्हणजे त्याला स्वतःचे पंखे नाहीत. कल्पना नवी नव्हे. आयबीएमनं असं दार 2005 मध्ये बाजारात आणलं होतं, आणि मोठ्या संगणकांना द्रवानं गार ठेवणं तर त्याच्याही कितीतरी आधीचं. 1985 चा क्रे-2 तर अख्खा फ्लोरिनर्ट या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेला असायचा.

पाणी का, याचं उत्तर साध्या हिशेबात मिळतं. 20 किलोवॉट उष्णता हवेनं वाहून न्यायची आणि हवा 12 अंशांनी तापू द्यायची, तर मिनिटाला सुमारे 83 घनमीटर हवा लागते. तीच उष्णता पाण्याकडे दिली आणि पाणी 10 अंशांनी तापू दिलं, तर मिनिटाला 29 लिटर पुरतं. हवा इतकी हलवायची म्हणजे पंखे आले, पंखे म्हणजे वीज आली, आणि हवा वाट मिळेल तिकडे पळते तो त्रास वेगळाच.

आमचं दुखणं नेमकं तेच होतं. तीन नोडचं गॅलेरा क्लस्टर (गॅलेरा म्हणजे डेटाबेसच्या प्रती एकसारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर), तिन्ही नोड एकाच रांगेतल्या वेगवेगळ्या रॅकमध्ये. दुपारी लोड चढला की लिहिण्याचे व्यवहार सगळीकडेच रेंगाळायचे. क्वेरी तपासल्या, इंडेक्स तपासले, नेटवर्कवाल्यांनी स्विच तपासले, कुठेच काही सापडेना. गॅलेरात एखादा नोड मागे पडू लागला की त्याच्याकडे आलेल्या पण अजून न लावलेल्या बदलांची रांग वाढते. रांग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की तो बाकीच्यांना थांबा म्हणतो आणि अख्खं क्लस्टर थांबतं. यालाच फ्लो कंट्रोल म्हणतात. त्याचा पॉज्ड हा काउंटर 0 ते 1 मध्ये असतो, आणि आमच्याकडे दुपारी तो 0.2 च्या आसपास जायचा. म्हणजे पाचातला एक भाग वेळ क्लस्टर नुसतं उभं. थांब्याचे संदेश कोण पाठवतंय ते पाहिलं, तर दर वेळी तिसराच नोड.

मशीनमध्येच खोट असेल म्हणून तिसऱ्या आणि पहिल्या नोडच्या मशीन आपसात बदलल्या. हळूपणा मशीनबरोबर गेला नाही, जागेवरच राहिला. मग त्या जागेवर बसलेल्या मशीनवर कर्नलचा कोर थ्रॉटल काउंट पाहिला, म्हणजे तापल्यामुळे प्रोसेसरनं किती वेळा वेग कमी केला ती मोजणी. दुपारच्या तासांत तो सरसर वाढत होता. एनव्हीएमई (वेगवान फ्लॅश) डिस्कच्या स्मार्ट लॉगमध्येही, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या नोंदीतही, धोक्याच्या तापमानावर घालवलेली मिनिटं जमा झालेली. तिसरा नोड रांगेच्या टोकाच्या रॅकमध्ये, वरच्या भागात होता. मागून निघालेली गरम हवा रॅकच्या माथ्यावरून आणि टोकाकडून वळसा घेऊन पुन्हा पुढे येत होती. त्या रॅकच्या तळाशी आत शिरणारी हवा 20 अंशांची, वर 31 ची. अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संघटनेची शिफारस 18 ते 27 अंशांची आहे. खोलीच्या भिंतीवरचा आकडा मात्र दिवसभर अगदी सभ्य दिसायचा, कारण तो सरासरीचा होता.

आता कुणी विचारेल की नोड खाली का नाही सरकवला. सरकवला असता तर त्या जागी दुसरं काहीतरी तापलं असतं, आणि आमच्याकडे सगळेच रॅक भरलेले होते. कंटेनमेंट, म्हणजे गार आणि गरम गल्ल्या भिंती-दारांनी वेगळ्या करणं, हा खरं तर पहिला उपाय. रांगा गार-गरम अशा मांडायची पद्धत 1992 पासून आयबीएमच्या रॉबर्ट सलिव्हन यांच्या नावानं ओळखली जाते आणि आजही तिच्याइतकं स्वस्त आणि गुणी काही नाही. आमच्या छताला केबल ट्रे आणि स्प्रिंकलर इतके खाली लटकलेले आहेत की गल्ली बंदिस्त करता येत नव्हती. तुम्हाला येत असेल तर आधी ते करा, रॅकमधल्या मोकळ्या जागांना ब्लँकिंग पॅनल लावा आणि मगच या दाराचा विचार करा. पॅनल न लावता दार घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

बसवणं सोपं नाही. दार जड असतं, पाणी भरल्यावर आणखी जड. बिजागऱ्यांसाठी रॅकला वेगळी चौकट लागते, आणि दार पूर्ण उघडायला मागे जागा सोडावी लागते. लवचीक नळ्या दाराबरोबर वळतात, त्यांचा वळसा अरुंद झाला तर पिळा बसतो. पाणी थेट चिलरमधून (पाणी गार करणाऱ्या यंत्रातून) येत नाही. मध्ये सीडीयू (गार पाणी वाटणारा संच) असतो, तो दाराचं पाणी वेगळ्या चक्रात फिरवतो, गाळतो आणि त्याचं तापमान दवबिंदूच्या वर ठेवतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं. खोली 24 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर दवबिंदू साधारण 13 अंशांवर येतो. आमचा सीडीयू 17 अंशांचं पाणी देतो, त्यामुळे कॉइलवर दव धरत नाही. सर्व्हरच्या मागे थेंब टपकताना कुणालाच बघायचे नसतात.

पहिल्यांदा पाणी भरलं त्या दिवसाची एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी, कारण दाराच्या माहितीपुस्तिकेत ती एका ओळीत उरकलेली आहे. पाणी सुरू झालं, सीडीयूवर प्रवाह बरोबर दिसत होता, पण टोकाच्या दाराची वरची वीतभर पट्टी गारच होईना. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात दार खाली निळं आणि माथ्याशी लख्ख पिवळं. वरच्या नळ्यांत हवा अडकली होती. प्लंबिंगचं काम करणाऱ्या दादांनी माथ्यावरची छोटी झडप चावीनं पाव फेरा सैल केली, खाली फडकं धरलं. आधी फस्स करत हवा निघाली, मग थुंकल्यासारखं हवा-पाणी एकत्र, मग अखंड धार. झडप बंद केली आणि कॅमेऱ्यात ती पिवळी पट्टी डोळ्यांदेखत वितळत गेली. ती पट्टी बरोबर माझ्या तिसऱ्या नोडच्या मागेच होती. सरासरीवर भरवसा ठेवून दार ताब्यात घेतलं असतं तर मूळ दुखणं तसंच राहिलं असतं. म्हणून दार ताब्यात घेताना कॅमेरा हातात हवाच.

निकालाबद्दल मी खूश आहे, मनापासून खूश आहे. सर्व्हरमधून 38 अंशांनी निघणारी हवा दाराबाहेर 25 च्या आसपास येते. वळसा घेणारी हवा आताही वळसा घेतेच, पण ती गरम राहिलेली नाही, त्यामुळे फरक पडत नाही. टोकाच्या रॅकमध्ये तळ आणि माथा यांतला फरक 11 अंशांवरून 2 वर आला. थ्रॉटल काउंट हलत नाही. फ्लो कंट्रोलचा पॉज्ड आकडा भर दुपारी 0.01 च्या खाली असतो. एकही क्वेरी बदलली नाही, एकही पॅरामीटर हलवला नाही, आणि तरी क्लस्टरनं मला माझी दुपार परत दिली.

पूर्वी त्या एका नोडपायी अख्खी खोली 19 अंशांवर ठेवावी लागायची. आता ती 24 वर आहे. खोलीतल्या हवा फिरवणाऱ्या यंत्रांचे पंखे 80 टक्के वेगावर चालतात, आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे तेवढ्यानंच ती जवळपास निम्मी होते. सर्व्हरचे आतले पंखेही शांत झाले. इथे एक मेख आहे, ती ध्यानात ठेवा. सर्व्हरच्या पोटातल्या पंख्यांची वीज पीयूईच्या हिशेबात आयटीची वीज म्हणून मोजली जाते. ती कमी झाली की भागाकारातला छेद लहान होतो आणि झालेल्या बचतीचा काही भाग पीयूईत दिसतच नाही. नुसता तो आकडा बघून कुणी दाराला कमी लेखत असेल तर त्यांना एकूण वीज बघायला सांगा.

टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं होतं की जास्त तापमानामुळे यंत्रं बिघडण्याची भीती आपण समजतो त्यापेक्षा कमी असते, आणि डिस्कमधल्या काही चुकांवर सरासरी तापमानापेक्षा त्यातल्या चढउतारांचा परिणाम अधिक दिसतो. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. सगळे नोड 26 अंशांवर असलेले मला चालतात. दोन 20 वर आणि एक 31 वर हे चालत नाही.

दुसरे पर्याय आम्ही पाहिले होते. थेट चिपवर पाण्याची पट्टी बसवणारी पद्धत दाट रॅकसाठी उत्तम आहे, पण ती मुख्यतः प्रोसेसरची उष्णता नेते. डेटाबेसच्या मशीनमध्ये मेमरीच्या भरगच्च रांगा आणि एनव्हीएमई डिस्कही चांगल्याच तापतात, आणि त्या बहुधा हवेच्या भरवशावर राहतात. आमची अडचण निम्मी डिस्कचीच होती. पूर्ण बुडवण्याची पद्धत दिसायला देखणी, पण आमच्याकडे डिस्क बदलणं नेहमीचं आहे आणि दर वेळी द्रवातून मशीन वर काढून निथळत ठेवणं परवडत नाही. शिवाय उकळणाऱ्या फ्लोरिनयुक्त द्रवांचं भवितव्य डळमळीत आहे. हे द्रव ज्यात मोडतात त्या पीएफएएस रसायनांचं उत्पादन 2025 अखेर थांबवणार असल्याचं थ्रीएमनं 2022 मध्येच जाहीर केलं होतं.

पंप बंद पडला तर काय, हा प्रश्न मी पुरवठादाराला सगळ्यांत जास्त वेळा विचारला आणि शेवटी चाचणी करूनच घेतली. दोन्ही पंप मुद्दाम बंद केले. दाराबाहेरची हवा थोड्याच वेळात 38 वर गेली, कारण आता दार म्हणजे नुसती जाळी. पण सर्व्हर चालत राहिले, खोलीच्या यंत्रांनी पंखे वाढवले, आत शिरणारी हवा सावकाश चढत गेली. शांतपणे निर्णय घ्यायला वेळ मिळतो. चिपवरच्या पट्टीत प्रवाह थांबला तर इतका अवधी मिळत नाही. ज्या क्लस्टरमध्ये हार्टबीट (नेता नोड जिवंत असल्याचा संदेश) 100 मिलिसेकंदांना जातं आणि सेकंदभर ते आलं नाही की नवा नेता निवडला जातो (ईटीसीडी या वितरित डेटाबेसचे मूळ आकडे हेच), तिथे हा अवधी सोन्यासारखा आहे.

तक्रारी आहेत. दारासोबत आलेलं देखरेखीचं सॉफ्टवेअर दाराबाहेरच्या हवेचं एकच सरासरी तापमान दाखवतं. ज्या आंधळेपणामुळे आमचं दुखणं लपलं होतं, तोच पुन्हा यंत्रात बसवून दिलाय. वरचा, मधला आणि खालचा असे तीन सेन्सर दारात आहेत, त्यांचे आकडे मॉडबसवर (यंत्रांशी बोलायच्या एका जुन्या पद्धतीनं) मिळतातही, पण पडद्यावर कुठे नाहीत. आमच्या टीममधल्या एकानं ते काढून डेटाबेसच्या आलेखांशेजारी आणले, तेव्हा कुठे समाधान झालं. गळती ओळखणारी दोरी फक्त दाराखाली येते, नळ्यांच्या जोडांखाली ती वेगळी मागावी लागली. केबलचे जाड जुडगे कॉइलला टेकले की तेवढ्या भागातून हवा जात नाही, त्यामुळे मागची सगळी केबल नव्यानं बांधावी लागली. पॅसिव्ह दारामुळे सर्व्हरच्या पंख्यांना किंचित जास्त जोर लागतो. आमच्या मशीनना तो जाणवला नाही, पण पातळ, एक यू (रॅकमधला एकच कप्पा) उंचीच्या मशीन गच्च भरलेल्या असतील तर आधी एका रॅकवर मोजून बघा.

आणि काम करताना दार उघडं ठेवायचं नाही. उघड्या दारातून सगळी गरम हवा सरळ खोलीत जाते, शेजारच्या नोडच्या तोंडाशी. आम्ही केबलचं मोठं काम आता रात्रीच काढतो.

रॅकमागे 10 ते 20 किलोवॉट, मशीन वेगवेगळ्या प्रकारच्या, डिस्क वारंवार बदलणाऱ्या आणि कंटेनमेंटला जागा नाही, अशी परिस्थिती असेल तर हे दार डोळे मिटून नाही, पण कॅमेरा हातात घेऊन नक्की घ्या. जीपीयूचे (एआयसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोसेसरचे) रॅक येणार असतील तर थांबा. एनव्हिडियाच्या जीबी200 एनव्हीएल72 सारखा रॅक 120 किलोवॉटच्या घरात जातो, त्याला चिपवरचं पाणीच लागतं. आमच्याकडे तसे रॅक आलेच तर ते दुसऱ्या खोलीत जातील. डेटाबेसची रांग आहे तिथेच, याच दारांमागे राहू दे असं मी लेखी कळवलंय.