परदेशात घर बांधायचंय? प्रोजेक्ट मॅनेजरच्या चार तऱ्हा आणि त्यांची पारख

परदेशात जागा घेऊन घर बांधायला निघालेल्याला ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ या एकाच नावाखाली चार निरनिराळ्या सेवा विकल्या जातात. माहितीपत्रकं चौघांची सारखीच: पिवळं हेल्मेट, काखेत नकाशाची गुंडाळी आणि ‘तुम्ही निर्धास्त राहा’ असा दिलासा. खरा फरक पैशाच्या वाटेत असतो. म्हणून इथे चौघांना एकच कसोटी लावली आहे. काम कोण मोजतं, बिल कोण मंजूर करतं आणि पैसे कुणाच्या खात्यातून जातात? या तिन्ही किल्ल्या एकाच कमरेला असतील तर माणूस देवमाणूस असला तरी सेवा नापास.

सगळ्यात जास्त खपते ती टक्केवारीवरची सेवा. खर्च १०० वरून १३० वर गेला की दहा टक्केवाल्याची फी १० वरून १३ होते. खर्च आवरायला ज्याला नेमलं, त्यालाच खर्च वाढला की पगारवाढ! यात मुद्दाम लबाडी करायचीही गरज पडत नाही. महागडी टाइल सुचवताना मन आपोआप मोठं होतं. हीच सेवा घ्यायची असेल तर फी मूळ मंजूर बजेटवर गोठवा, एक्स्ट्रा आयटमवर टक्का देऊ नका, आणि पुरवठादारांकडून मिळणारी प्रत्येक सूट आणि दलाली मालकाची, असं कलम करारात घाला. हे कलम वाचून जो ‘आमच्याकडे असं चालत नाही’ म्हणतो, त्यानं तुमचा बराच वेळ वाचवला असं समजा. पाचपैकी दोन गुण, हे कलम असेल तर तीन.

दुसरी टर्नकी. डिझाइन, बांधकाम, देखरेख सगळं एकाच कंपनीकडे, किंमत एकरकमी. इथे किंमत फुगण्याची भीती कमी, पण किंमत बांधलेली असल्यामुळे नफा काढायला जागा उरते ती फक्त मालात. जाड सळईची बारीक होते, वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकावर येतात. देखरेख करणारा इंजिनिअर त्याच कंपनीच्या पगारावर असतो, त्यामुळे त्याची सही म्हणजे स्वतःच्याच पेपरला स्वतः दिलेले मार्क. मोठ्या कामांत वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या (सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) करारनमुन्यांत ही विभागणी स्पष्ट दिसते. रेड बुकमध्ये डिझाइन मालकाचं आणि कंत्राटदारावर लक्ष ठेवायला वेगळा इंजिनिअर असतो. टर्नकीसाठीच्या सिल्व्हर बुकमध्ये तो इंजिनिअरच नसतो. छोट्या कामासाठी ग्रीन बुक हा आटोपशीर नमुना आहे. घर बांधणाऱ्यानं निदान तो वाचून स्वतःच्या करारात काय राहिलंय ते ताडून बघावं. नुसती टर्नकी अडीच गुण. बाहेरचा तपासनीस लावला तर साडेतीन.

तिसरी सेवा म्हणजे जमीन विकणारा दलालच ‘बांधकामही बघतो’ म्हणतो ती, किंवा ‘माझा मेव्हणा इंजिनिअर आहे’ ही. शून्य गुण. याच्याशी भांडण झालं तर जमिनीचे कागद, परवाने आणि कंत्राटदाराची ओळख, सगळं त्याच्याच फायलीत असतं.

चौथी सेवा दिसायला सगळ्यात रुक्ष आहे: ठरावीक फीवर काम करणारा स्वतंत्र क्वांटिटी सर्व्हेअर (कामाचं आणि मालाचं मोजमाप करणारा) किंवा तपासणी इंजिनिअर. तो कंत्राटदार आणून देत नाही, माल विकत घेत नाही, पैशाला हात लावत नाही. येतो, मोजतो, प्रमाणपत्र लिहितो. चार गुण. पाचवा राखून ठेवला, कारण यालाही कंत्राटदार संध्याकाळी जेवायला नेऊ शकतो. त्याच्याकडे व्यावसायिक दायित्वाचा विमा (त्याच्या चुकीनं झालेलं नुकसान भरून देणारा) आहे का, हे विमा कंपनीला विचारून खात्री करा. एखाद्या व्यावसायिक संस्थेचं सभासदत्व असेल तर ते त्या संस्थेच्या सभासद यादीत स्वतः शोधा. त्यानं पाठवलेल्या पीडीएफवरचा शिक्का पुरावा नव्हे.

आता चोरी होते कुठे ते. पहिली जागा दरपत्रक, आणि ही कामाला कुदळ लागायच्या आधीच होते. एकूण आकडा सगळ्यात कमी, पण खोदाई, पाया, प्लिंथ (जोतं) यांचे दर चढे आणि दारं-खिडक्या, रंग, प्लंबिंगचे दर पाडलेले. काम प्लिंथपर्यंत येतं तेव्हा पैसे निम्मे गेलेले असतात आणि बांधकाम जेमतेम पाव. तिथे ‘भाव वाढले’ म्हणून काम थांबतं, कारण पुढचं काम त्या दरात करण्यात कंत्राटदाराचा तोटाच असतो. म्हणून बेरजेची तुलना करू नका. तीन कंत्राटदारांची दरपत्रकं शेजारी ठेवून आयटमवार दर बघा. ती तिन्ही एकाच हातची आहेत का हेही तेव्हाच कळतं: तिन्हीत तोच आयटम राहून गेलेला, शुद्धलेखनाची तीच चूक, आणि प्रत्येक दर बरोबर त्याच प्रमाणात वर-खाली. प्रमाण बघायला स्प्रेडशीटमध्ये एका दराला दुसऱ्यानं भागायचं. सगळ्या ओळींत १.०८ आलं तर दुसरं दरपत्रक कुणी तयार केलं हे विचारायचीही गरज नाही.

दुसरी जागा सळई. हिचं गणित कुणीही करू शकतो. व्यासाचा मिलिमीटरमधला आकडा स्वतःनं गुणा, १६२ नं भागा. एका मीटरचं किलोतलं वजन येतं. १२ मिमी सळई मीटरला ०.८९ किलो, १० मिमी ०.६२ किलो. १२ च्या जागी १० टाकली तर लोखंडाचं क्षेत्रफळ ११३ वरून ७८.५ चौरस मिमीवर येतं, म्हणजे जवळपास तीस टक्के गायब. फोटोत हा दोन मिलिमीटरचा फरक दिसणं अशक्य. अंतरात केलेली चोरी मात्र दिसते. सळयांना आडवी दोन मीटर टेप लावायला सांगा आणि मोजा: १५० मिमी अंतर ठरलं असेल तर पहिली धरून १४ सळया यायला हव्यात. ११ आल्या तर अंतर २०० झालं. बिलातलं एकूण वजन नेहमी बार बेंडिंग शेड्यूलशी (कुठे किती लांबीची, किती जाडीची सळई लागणार याच्या तक्त्याशी) ताडा. तुकड्यांपोटी तीन ते पाच टक्के जास्त समजू शकतो, पंधरा टक्के म्हणजे सळई दुसऱ्या साइटवर गेली. गठ्ठ्यांच्या लेबलवरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या घाणीचा क्रमांक) आणि गिरणीच्या चाचणी प्रमाणपत्रावरचा नंबर एकच हवा. प्रमाणपत्र खरं आणि माल दुसराच, हा जुना खेळ आहे.

काँक्रीटवर जास्त वेळ घालवावा, कारण ते ओतलं की आतलं सगळं कायमचं झाकलं जातं. समजा स्लॅब १०० चौरस मीटर, जाडी १२५ मिमी. म्हणजे १२.५ घनमीटर. साइटवर १:१.५:३ प्रमाणात (सिमेंट, वाळू, खडी) कालवलं तर घनमीटरला ५० किलोच्या साधारण ८ गोण्या सिमेंट लागतं, एकूण १००. बिलात १४० असतील तर ४० गोण्यांचा हिशेब मागा. साइटवरच्या नोंदीत ७० च रिकाम्या गोण्या असतील तर मात्र हिशेब मागत बसू नका, पुढचं काम थांबवा, कारण ही चोरी पैशाची नाही, ताकदीची आहे. रेडीमिक्स (प्लांटमध्ये कालवून गाडीनं आणलेलं काँक्रीट) असेल तर प्रत्येक गाडीची बॅच स्लिप हवी: प्लांटमधून निघाल्याची वेळ, ग्रेड म्हणजे ताकदीची प्रत, घनमीटर. सहा घनमीटरच्या दोन गाड्यांत हा स्लॅब बसत नाही, उरलेल्या अर्ध्या घनमीटरसाठी तिसरी लागते. ती आलीच नसेल तर एक तर जाडी कमी आहे, नाही तर कुठे तरी हातानं कालवून भरलंय.

क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे फोडून ताकद मोजण्याचे) अहवाल बहुतेक मॅनेजर अगदी हौसेनं पाठवतात. १५० मिमीचे ठोकळे, तीन ७ दिवसांनी फोडायचे, तीन २८ दिवसांनी. सात दिवसांना अंतिम ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश मिळायला हवी. प्रश्न ठोकळे फोडण्याचा नसून भरण्याचा आहे. कोपऱ्यात घमेलंभर जास्त सिमेंटचा माल वेगळा कालवून त्याचे ठोकळे भरले की अहवाल कायम उत्तम. म्हणून नमुना प्रयोगशाळेच्या माणसानं, गाडी अर्धी रिकामी झाल्यावर, स्वतः घ्यायचा आणि प्रयोगशाळेची फी मालकानं थेट भरायची. अहवालही प्रयोगशाळेकडून थेट मालकाच्या ईमेलवर. मॅनेजर फक्त प्रत बघेल.

करारात ‘होल्ड पॉइंट’, म्हणजे तपासणीसाठी काम थांबवायच्या जागा, घालून घ्या. पायाचा तळ, काँक्रीटपूर्वीची सळई आणि कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू नये म्हणून ठेवलेले ठोकळे), गिलाव्यापूर्वीच्या पाइप आणि वायरिंग, टाइलपूर्वी बाथरूम आणि गच्चीत २४ तास पाणी तुंबवून बघणं. या चार ठिकाणी स्वतंत्र तपासनिसाच्या लेखी सहीशिवाय पुढे जायचं नाही. गेल्यास कंत्राटदाराच्या खर्चानं कोअर (काँक्रीटचा कापून काढलेला गोल नमुना) काढून तपासायचं आणि तोवर त्या टप्प्याचे पैसे अडवायचे. ‘गाडी आली होती, थांबवता आली नाही’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. शिक्षा आधीच लिहिलेली असेल तर गाडी बरोबर थांबते.

फोटोंवर फार विसंबू नका. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की वेळ आणि ठिकाणाची आतली माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते, पण तीही बदलता येते. फुकट मिळणारी सेंटिनेल-२ ची उपग्रहचित्रं १० मीटर पिक्सेलची असतात, म्हणजे मध्यम घर एक-दोन ठिपक्यांत संपलं. जमीन साफ झाली की नाही एवढंच त्यातून कळेल. थेट व्हिडिओ कॉल बरा, पण कॅमेरा कुठे न्यायचा ते तुम्ही सांगायचं. दाखवायला तयार ठेवलेल्या खोलीच्या मागची खोली बघा.

पैसे पाठवताना खात्याचं नाव आणि करारातल्या कंपनीचं नाव अक्षरशः एक हवं. मधेच ‘आमची बँक बदलली’ असा ईमेल आला तर करारातल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा, ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. कंत्राटदार आणि मोठे पुरवठादार यांना पैसे थेट जावेत, मॅनेजरला फक्त त्याची फी. हप्ता मोजता येईल अशा पूर्ण झालेल्या कामाला बांधा: ‘स्लॅब ओतून झाला, क्यूब अहवाल मिळाला’ चालेल, ‘स्लॅबचा माल आणला’ चालणार नाही. आगाऊ रक्कम द्यावीच लागली तर तेवढ्याच रकमेची, मागताक्षणी पैसे देणारी बँक गॅरंटी घ्या आणि ती खरी आहे का हे तुमच्या बँकेकडून त्या बँकेला विचारून घ्या. प्रत्येक बिलातून पाच ते दहा टक्के राखून ठेवा. निम्मे ताबा घेताना, निम्मे बारा महिन्यांचा दोष-दुरुस्तीचा काळ संपल्यावर.

मुखत्यारपत्र सरसकट देऊ नका. परवान्याचे अर्ज, वीज-पाण्याची जोडणी, एवढंच लिहा. विकणं, गहाण ठेवणं, कर्ज काढणं स्पष्ट शब्दांत वगळा आणि मुदतीची तारीख घाला. दोन्ही देश १९६१ च्या हेग अपोस्टिल करारात असतील तर अपोस्टिल (कागद अस्सल असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) सहसा पुरतं, नाहीतर वकिलातीतून प्रमाणित करून घ्यावं लागतं. ‘जमीन तूर्त माझ्या नावावर घेऊ’ ही ऑफर जिथे परदेशी लोकांवर बंधनं आहेत तिथे हमखास येते. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन सहसा स्वतःच्या नावावर घेता येत नाही. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात घरासाठी बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावी लागते. कायदेशीर वाट काय, ते स्वतः नेमलेल्या वकिलाला विचारा. मॅनेजरनं सुचवलेला वकील हा मॅनेजरचा वकील.

नेमण्याआधी त्याच्या सगळ्या पूर्ण झालेल्या कामांची यादी मागा आणि फोन करायचे तीन मालक तुम्ही निवडा. मागच्या कामाचं सुरुवातीचं बजेट आणि शेवटचा हिशेब शेजारी ठेवून दाखवायला सांगा. खरा माणूस वाढीची कारणं आयटमवार सांगतो. दुसरा ‘आपण घरच्यासारखे’ म्हणतो.

तरीही फसगत दिसू लागली तर आधी आरोप करू नका. क्रम महत्त्वाचा आहे. पुढचे हप्ते थांबवा, मुखत्यारपत्र लेखी रद्द करून जिथे नोंदवलं होतं तिथेच रद्दही नोंदवा, कंत्राटदार, पुरवठादार आणि बँकेला कळवा. मग स्वतंत्र सर्व्हेअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप आणि फोटोंसह नोंद करून घ्या. नवा कंत्राटदार त्यानंतरच साइटवर आणा; त्यानं एक वीट जरी आधी लावली तरी जुन्यानं किती केलं होतं हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.