ऐकू कमी येणं ऐकवायचं कसं: ऑडॅसिटी की क्लॅरिटी?

आजोबांना नेमकं काय ऐकू येतं ते घरच्यांना ऐकवायचंय, कशात करू, असं भाचीने विचारलं. ऑडॅसिटी (आवाज संपादित करायचं सॉफ्टवेअर) आणि क्लॅरिटी (श्रवणयंत्रांवरच्या संशोधनाचा प्रकल्प) हे दोन्ही पर्याय फुकट, त्यामुळे पैशाचा प्रश्नच मिटला.

ऑडॅसिटीत काम दहा मिनिटांचं. ‘फिल्टर कर्व्ह ईक्यू’ (कुठली वारंवारता किती कमी-जास्त करायची ते ठरवणारं साधन) उघडायचं आणि ऑडिओग्राममध्ये (श्रवण तपासणीच्या आलेखात) २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत जिथे जितकी डेसिबल घट, तितकी रेघ खाली ओढायची. (डेसिबलची खालची मर्यादा डावीकडच्या सरकपट्टीने वाढते.) ‘साठ रुपये’ म्हणून पाहा. ‘स’ची सगळी ताकद वरच्या पट्टीत, तो पुसट होतो आणि ‘आठ रुपये’ उरतं. पण आवाज वाढवला की बरंचसं परत येतं! ‘ओरडू नकोस, नीट बोल’ असं आजोबा म्हणतात, ते यात पकडलं जात नाही.

ते क्लॅरिटीच्या पायथन पॅकेजमध्ये जमतं. त्यातलं केंब्रिजचं एमएसबीजी हे कमी ऐकू येण्याची नक्कल करणारं मॉडेल हळू आवाज गिळतं, मोठा मात्र जवळजवळ तसाच ठेवतं, वर जवळजवळच्या वारंवारता एकमेकींत फासतं. गोंगाटातल्या बोलण्याचा नुसता चिखल होतो. अडचण अशी, की कोड लिहावा लागतो आणि मूळ आवाजाची पातळी चुकली तर निकाल फसवा.

कानातली गुणगुण दोन्हींत नाही.

घरी किंवा वर्गात दाखवायला ऑडॅसिटी पुरे. श्रवणयंत्रावर प्रकल्प असेल, किंवा लग्नाच्या गलक्यात आजोबा गप्प का बसतात ते कळायला हवं असेल, तर क्लॅरिटी. भाचीला पायथन येत नाही, तिला ऑडॅसिटीच सांगितलं.