टँकला बाहेरून अडकवायचा पिल्लांचा डबा : कोरीच्या तीन खेपांनंतर

माशांची अंडी-पिल्लं मोठ्या माशांपासून वेगळी ठेवायचा हा डबा मी गेल्या मे महिन्यात ६५० रुपयांना घेतला. पारदर्शक ॲक्रिलिकचा, साधारण २ लिटर पाणी मावेल एवढा. टँकच्या काचेला बाहेरून अडकवायचा आणि एअर पंपाची नळी जोडायची. बुडबुड्यांबरोबर टँकमधलं पाणी उभ्या नळीतून वर चढतं, डब्यात पडतं आणि समोरच्या फटींतून परत टँकमध्ये जातं. यंत्र म्हणावं असं आत काहीच नाही, त्यामुळे बिघडण्यासारखंही काही नाही.

खोक्यावर गप्पीचं, म्हणजे जिवंत पिल्लं देणाऱ्या माशाचं, चित्र आहे. दुकानदारानेही "पोट फुगलेली मादी आत सोडा, पिल्लं खाली पडतील" असंच सांगितलं. सोबत आलेली व्ही आकाराची जाळीही त्याचसाठी. मी डबा घेतला तो ब्रॉन्झ कोरी या तळाला राहणाऱ्या, मिशावाल्या छोट्या माशासाठी, आणि कोरीचं सगळंच वेगळं. ती काचेवर अंडी चिकटवते आणि मग तीच मंडळी ती अंडी शोधून शोधून खातात. म्हणजे डबा अंड्यांना हवा, मादीला नको. कोरीच्या मादीला इतक्या लहान जागेत कोंडू नका. ती घाबरते, आणि घाबरली की पंखांचे काटे ताठ करून बसते.

आधीच सांगते : अंडी उबवायला आणि पिल्लांच्या पहिल्या दहा-बारा दिवसांना यापेक्षा सोयीची वस्तू मला मिळालेली नाही. त्यापुढे मात्र पिल्लं त्यात ठेवू नयेत.

माझा टँक तीन फुटी, तळाला बारीक वाळू. त्यात सात कोरी : तीन माद्या, चार नर. वरून पाहिलं की मादी लगेच कळते, पोटाशी दोन्ही बाजूंनी रुंद. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या रात्री मी टँकमधलं पाव पाणी काढलं आणि माठात दिवसभर ठेवून अँटी-क्लोरीन घातलेलं पाणी आत सोडलं. तेही एकदम ओतलं नाही. मी औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे सलाईनचा सेट घरात असतो. त्याची चाकी फिरवून धार हवी तेवढी बारीक करता येते. कोरी मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या. तिकडे पाऊस लागला की नद्यांत गार पाणी येतं, हवेचा दाब उतरतो, आणि त्या अंडी घालायला लागतात. पुण्यात बसून आपण तेवढंच करायचं, गार पाणी द्यायचं आणि आभाळ भरून येईल तो दिवस निवडायचा.

सकाळी साडेसहाला बाबांनी हाक मारली, "अगं, ऊठ, यांचं काहीतरी चाललंय." नर आडवा, मादीचं तोंड त्याच्या पोटाला टेकलेलं, दोघं मिळून इंग्रजी टी. काही क्षण दोघंही निश्चल. मग मादी बाजूला झाली तर पोटाखालचे दोन पंख ओंजळीसारखे जुळलेले आणि त्या ओंजळीत चार अंडी. जपानी संशोधकांनी १९९५ साली ब्रॉन्झ कोरीवरच अभ्यास करून दाखवलं की मादी नराचं वीर्य तोंडाने घेते, ते तिच्या आतड्यातून वेगाने पुढे जातं आणि ओंजळीतल्या अंड्यांपर्यंत पोचतं. हे सांगितल्यावर बाबा कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. खुर्ची ओढून टँकसमोर बसले आणि साडेनऊपर्यंत कागदावर रेघा मारून अंडी मोजत राहिले. दोन माद्यांची मिळून एकशे बारा.

अंडी लगेच काढायला जाऊ नका, अर्धा तास जाऊ द्या. ताजं अंडं मऊ असतं, दाबलं की फुटतं. नंतर ते इतकं चिवट होतं की ओल्या बोटाने काचेवरून गोल गोल फिरवत सोडवता येतं.

पहिल्या खेपेला मी घाई केली. सत्तरेक अंडी डब्याच्या कोपऱ्यात एका ठिकाणी टाकली. चिकटून त्यांचा गोळा झाला, आणि पाणी जिथे पोचत नाही नेमका तोच तो कोपरा. दुसऱ्या दिवशी मधली अंडी पांढरी, तिसऱ्या दिवशी त्यांवर कापसासारखी बुरशी, आणि तिने शेजारची चांगली अंडीही गिळली. नऊ पिल्लं निघाली. बुरशीसाठी मेथिलीन ब्लू घालावं असं सगळे सांगतात, पण या डब्यात त्याचा उपयोग नाही हे कुणी सांगत नाही. पाणी सतत वाहतं. औषध पाच मिनिटांत मोठ्या टँकमध्ये जातं, डब्यात काही उरत नाही आणि तिकडे फिल्टरमधल्या, पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या जिवाणूंना त्रास होतो. मेथिलीन ब्लूच वापरायचं असेल तर अंडी वेगळ्या बरणीत एअरस्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा.

दुसऱ्या खेपेपासून मी देशी बदामाचं पान वापरते. आमच्या सोसायटीच्या फाटकाशीच झाड आहे. आपोआप गळलेलं, लालसर तपकिरी वाळलेलं पान धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून त्याचा तळहाताएवढा तुकडा डब्यात ठेवते. पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो आणि बुरशी खूपच कमी धरते. अंडी एकेकटी, नळीचं पाणी जिथे पडतं तिथे पसरायची. शिवाय दोन चेरी श्रिम्प, म्हणजे छोट्या लाल कोळंब्या, आत सोडते. त्या अंड्यांवर फिरत राहतात, बुरशी लागलेलं अंडं खातात, चांगल्याला हात लावत नाहीत. निदान माझ्याकडच्या तरी नाहीत. चांगलं अंडं तिसऱ्या दिवशी मधासारखं तपकिरी होतं, आणि २६ अंशाला चौथ्या दिवशी पिल्लू बाहेर येतं.

इथे डब्याचा खरा गुण दिसतो. वेगळ्या बरणीत पाणी रात्रीतून गार होतं, सकाळी बदलायचं तर तापमान जुळवत बसावं लागतं. डब्यातलं पाणी म्हणजे टँकचंच पाणी. डिसेंबरात पहाटे हॉल गारठला होता तेव्हाही डबा आणि टँक यांत अर्ध्या अंशाचाच फरक होता.

दोष दोन. पहिला, फटी. त्या दीड मिलिमीटरच्या आहेत, आणि नुकतंच निघालेलं पिल्लू म्हणजे पोटाला बलकाची पिशवी लावलेला केस. ते शेपटीकडून निसटतं किंवा फटीत अडकून मरतं. मी अप्पा बळवंत चौकातल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडून स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीचा वाया गेलेला तुकडा आणला, कोमट पाण्यात घासून धुतला आणि ॲक्वेरियम सिलिकॉनने फटींवर आतून चिकटवला. सिलिकॉन दोन दिवस पूर्ण वाळू द्यायचं. जाळी रोज जुन्या टूथब्रशने घासावी लागते, नाहीतर पाणी चढून डबा वरून वाहतो. ही जाळी बनवणाऱ्यांनीच द्यायला हवी होती, दहा रुपयांची गोष्ट आहे.

दुसरा दोष मला महागात पडला. पहिले दोन दिवस पिल्लं बलकावर असतात, त्यांना काही घालायचं नाही. मग मायक्रोवर्म, म्हणजे अगदी बारीक जिवंत अळ्यांसारखे जंत. ओट्सच्या लगद्यात वाढवता येतात, तळाला बसून वळवळत राहतात, आणि कोरीची पिल्लं तळालाच खातात, त्यामुळे हे त्यांना फार मानवतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून बेबी ब्राइन श्रिम्प, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवांची नुकती निघालेली पिल्लं : त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात घालायची, लिटरला २५ ग्रॅम मीठ, २८ अंश, एक दिवसाने निघतात. पण डब्यातलं पाणी वाहतं, त्यामुळे ते टँकमध्ये निघून जातात आणि मोठे मासे त्यांच्यावर ताव मारतात. म्हणून खायला घालताना हवेचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. सप्टेंबरात एकदा मी तो बंद केला, तेवढ्यात दुकानातून फोन आला आणि मी तशीच निघून गेले. तीन तासांनी परतले तर ५८ पैकी २३ पिल्लं गेलेली. दोन लिटर साचलेलं पाणी, त्यात उरलेलं खाणं, आणि एवढे जीव. ती तेवीस मी एकेक करून काढली, तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. आता व्हॉल्व्हला हात लावण्याआधी मोबाईलवर २० मिनिटांचा गजर लावते. वीज गेली तरी हेच होतं, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप शेजारी ठेवलाय. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं पंपात येऊ न देणारा) घालाच.

सफाई दिवसातून दोनदा. तळाला जो बुळबुळीत थर धरतो त्यावरच ही पिल्लं पोट टेकून बसतात, तिथूनच रोग लागतो. २० मिलीच्या सिरिंजला सलाईनच्या नळीचा वीतभर तुकडा लावला की पिल्लांना धक्का न लागता घाण ओढून घेता येते. दोन छोट्या गोगलगायी उरलेलं खाणं संपवतात.

बाराव्या दिवसानंतर पिल्लं सेंटिमीटरच्या आसपास होतात, मिशा दिसायला लागतात आणि खाणं इतकं वाढतं की डबा स्वच्छ राहतच नाही. मी त्यांना २० लिटरच्या टबात हलवते : जुना मुरलेला स्पंज फिल्टर, चिमूटभर वाळू, पाणी फक्त सहा इंच. कोरी पृष्ठभागावर येऊन हवा गिळते आणि आतड्यातून श्वास घेते, पिल्लांनाही वर येणं झेपलं पाहिजे.

तिसऱ्या खेपेला डब्यात ६४ अंडी ठेवली होती, ५१ निघाली, ४३ आज टबात आहेत. बाबा रोज संध्याकाळी मोजतात.

घेण्याआधी एक बघा. डबा अडकवायचा आकडा ८ मिलिमीटरपर्यंतच्या काचेवरच बसतो. मोठ्या टँकची काच जाड असते, आणि काचेला वरून प्लास्टिकची कड असेल तर डबा पुढे झुकतो आणि पाणी फटींच्या एकाच टोकाने जातं. माझ्या टँकला अशी कड आहे, म्हणून मी डब्याखाली थर्माकोलचा तुकडा लावून तो सरळ केलाय.