"मालक, सगळं कव्हर आहे" म्हणणाऱ्यापासून सावध

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं डाईंग हाऊस आहे. पार्टीचं म्हणजे गिऱ्हाइकाचं सूत येतं, रंगवून परत जातं, किलोवर मजुरी. यालाच जॉबवर्क म्हणतात. बावीस वर्षं धंदा केला, उधारी बुडवणारे कितीतरी पचवले आणि फसलो ते विम्याच्या कागदात. लिहायची लाज वाटते. पण मला पॉलिसी विकणाऱ्या एजंटचीच पॉलिसी आमच्या रांगेत अजून दोघांकडे आहे.

पब्लिक लायबिलिटी घेतली, म्हणजे आपल्यामुळे बाहेरच्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा. हप्ता १८,०००, जीएसटी ३,२४०, मिळून २१,२४० चा चेक. वर "कामगारांची पॉलिसी आणि पार्टीच्या मालाचं कव्हर" म्हणून एजंटला १२,५०० रोख. पावती? "उद्या आणतो, मालक." इथंच डोकं चालायला हवं होतं. एक रक्कम कंपनीच्या नावानं चेकनं आणि दुसरी खिशात का, एवढंच विचारायचं होतं. पण गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, निम्मे कामगार गायब, दारात पार्टीचा टेम्पो उभा. त्या गडबडीत मी कोऱ्या फॉर्मवर सहीसुद्धा केली. मूर्ख म्हणा. स्वतःची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस मात्र मला अजून भेटायचाय.

जूनमध्ये रात्री वरच्या टाकीची पाइपलाइन फुटली. सकाळी शटर उघडलं तर लाल लड्यांमधून पाणी ओघळून खालच्या पांढऱ्या लड्या गुलाबी झालेल्या. ६४० किलो सूत, २२५ च्या भावानं १,४४,०००. पाणी शेजारच्या शेडमध्ये शिरून त्याचे टॉवेलचे गठ्ठे भिजले, ३८,०००. रात्रपाळीच्या हेल्परचं घसरून मनगट मोडलं, दवाखाना ३१,६००.

मिळालं काय? शेजाऱ्याचे, तेही १०,००० एक्सेस (आपणच सोसायचा हिस्सा) कापून २८,०००. बस.

नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरनं पॉलिसीचं पान उलटून बोट ठेवलं: विमाधारकाच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली असलेला माल वगळून. म्हणजे जॉबवर्कवाल्याचं अख्खं गोडाऊनच वगळून! शेजाऱ्याचा टॉवेल परका, पार्टीचं सूत परकं असूनही माझ्या ताब्यातलं. आणि स्वतःचा कामगार तर या पॉलिसीत परका धरतच नाहीत, त्याची पॉलिसी वेगळी काढावी लागते. कामगाराची भरपाई मालकाच्या गळ्यात असते हे १९२३ पासून कायद्यात आहे, मला माहीत होतं, म्हणून तर रोख दिले! ती पॉलिसी निघालीच नव्हती. जॉबवर्कवाल्यांनो, ताब्यातल्या मालाचं काय, ते कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडाला स्टॅम्प नसतो.

विमा कंपनीच्या शाखेत गेलो तर "रोख रकमेशी आमचा संबंध नाही, एजंटला विचारा." एजंटचा फोन बंद. पोलीस ठाण्यात साहेबांनी कागद न बघताच सांगितलं, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." दुसऱ्यांदा गेलो तर ठाणे अंमलदार म्हणतो, पावती दाखवा. अहो, पावती असती तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? विमा नियामकाच्या (IRDAI) १५५२५५ या हेल्पलाइनवर तक्रार टाकली, ती फिरून त्याच शाखेत आली आणि तिथल्या बाईंनी तेच उत्तर टाईप करून पाठवलं. चोरालाच चौकीदार. तीन महिने एमआयडीसी ते शाखा, शाखा ते ठाणे, पेट्रोल माझं आणि बुडालेला दिवसही माझा.

मला फार उशिरा कळलं की पुण्यात विमा लोकपाल आहे. एकट्या मालकाच्या धंद्याची तक्रारही तिथं घेतात, फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार करायची, महिनाभर उत्तर आलं नाही किंवा नकार आला की तिकडे. नकारानंतर वर्ष उलटू देऊ नका. मी अर्ज केलाय. पण माझ्याकडे एजंटचा शब्द आणि त्यांच्याकडे छापील कलम, निकाल काय लागेल ते दिसतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर "सगळं कव्हर आहे ना?" एवढं विचारून ठेवलं असतं तरी हातात काही राहिलं असतं.

पार्टी जुनी, भांडली नाही. सुताच्या भरपाईपोटी दर बिलातून ८,००० कापते. अठरा बिलांपैकी सहा झालीत.